'नार' कुणाची? एका गावाच्या फलकाचं प्रकरण

हे प्रकरण गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातल्या एका गावाचं आहे. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. नावाचा शेवट तेवढा खरा सांगतो, कारण सगळा घोळ त्यानेच घातला: नाव 'नार'वर संपतं. आधीचा भाग एका झाडाचा आहे, त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. मी त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होतो, आणि घोळाची सुरुवात माझ्याच हातची.

पार्श्वभूमी

गाव सव्वाशे उंबऱ्यांचं. बहुतेक घरं माडिया गोंडांची, थोडी ढिवरांची आणि कलारांची. खाली नदी, नदीकाठाने धानाच्या बांधी, बाकी सगळं जंगल. घरात गोंडी, बाजारात हिंदी आणि मराठी यांची खिचडी, शाळेत मराठी. मी वर्धेकडचा. आलो तेव्हा मला गोंडीतलं अक्षरही कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुढची दोन-तीन वर्षं मी ते कळून घ्यायचा फारसा त्रासही घेतला नाही.

दुसऱ्या वर्षी 'माझे गाव' या विषयावर शाळांच्या हस्तलिखितांची स्पर्धा लागली. लोकसंख्या, पिकं, झाडं, सण अशी पानं भरली. 'गावाच्या नावाची कथा' हे पान मात्र कोरं राहिलं. बाजारात एक निवृत्त तलाठी भेटले, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "नार म्हणजे बाई. असेल कुणी जुन्या काळची." एवढंच. बाकीचं मी रात्री बसून रचलं: त्या झाडाखाली वाघ, वाघाच्या तोंडी लेकरू, कुऱ्हाड घेऊन धावलेली बाई. बाईला नावसुद्धा मीच दिलं. दीड पान झालं. हस्तलिखिताला दुसरा नंबर मिळाला.

मग ती गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. पोरं 26 जानेवारीला ती भाषणात सांगू लागली. शाळेच्या भिंतीवर कुऱ्हाडवाली बाई रंगवली गेली. गावातल्या एका महिला बचत गटाने तिच्याच नावाने बँकेत खातं काढलं. पाच-सहा वर्षांत ती गोष्ट 'पूर्वापार' झाली. एकदा तर पाहुण्या अधिकाऱ्याला एका पालकाने ती माझ्यासमोर सांगितली, आणि मी मान डोलावली.

अडचण कुठे उभी राहिली

ग्रामपंचायतीने रस्त्यालगत गावाची ओळख सांगणारा मोठा पत्र्याचा फलक लावायचं ठरवलं. मजकूर द्यायला सरपंच बाईंनी मला सांगितलं. मी हस्तलिखित उघडलं आणि पहिल्या चार ओळी उतरवून दिल्या: 'नार म्हणजे स्त्री. एका शूर स्त्रीच्या नावाने वसलेले हे गाव...'

पेंटर तालुक्याहून आला. पिवळ्या पत्र्यावर काळ्या रंगाने दोन ओळी झाल्या होत्या तेव्हा गावचे गायता तिथे येऊन उभे राहिले. गायता म्हणजे गावाची देवकार्यं पाहणारा मानकरी. हे सत्तरीच्या पुढचे, लिहिता-वाचता न येणारे. त्यांनी चौथीतल्या एका मुलीला वाचून दाखवायला सांगितलं. तिने वाचलं. ते आधी हसले. मग हसू थांबलं.

"गुरुजी, हे कोनं लिवलं?"

"मीच, बाबा."

"बाईले आमी नार नाई म्हनत जी. नार म्हंजे नार. गाव." हाताने त्यांनी घरांकडे अर्धवर्तुळ काढलं. "हे सारं नार."

पेंटरने ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला. दोन ओळींचा तो फलक त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकवला गेला आणि तीन आठवडे तसाच राहिला. रोवणीचे दिवस होते, ग्रामसभा लगेच भरणं शक्य नव्हतं. त्या तीन आठवड्यांत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने तो वाचला, आणि प्रत्येकाजवळ स्वतःची एक 'नार' निघाली.

जितकी तोंडं तितक्या नारी

निवृत्त तलाठीबुवा कीर्तनही करत. त्यांना मी परत गाठलं तेव्हा ते स्वतःच्याच बाईवरून घसरले आणि थेट पाण्यात उतरले. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातला श्लोक त्यांनी म्हणून दाखवला: 'आपो नारा इति प्रोक्ता आपो वै नरसूनवः'. नारा म्हणजे पाणी, पाणी हे ज्याचं अयन तो नारायण. "आणि तुमचं गाव नदीकाठी. झालं की!" बसलंच ना बरोबर.

आठवडी बाजारात बांगड्या विकणारे मन्यार चाचा फलक वाचून चपापले. "गुरुजी, ये क्या लिख दिया? हमारे इधर नार मतलब दोजख की आग." अरबीत नार म्हणजे आग हे खरंच. उजेडाचा 'नूर' त्याच धातूचा. दिवा किंवा आग लावायची उंच जागा ती 'मनारा'. त्यावरून हैदराबादच्या चारमिनारातला मिनार आला, आणि आपला मराठी मनोराही त्याच घरचा. गोंडीत विस्तवाला किस म्हणतात, तेव्हा गावाशी त्या आगीचा काही संबंध नाही. पण चाचांनी ते सांगितल्यावर मला त्या फलकाकडे पाहिलं की थोडी ऊब लागायची.

रस्त्याच्या पुलावर काम करणारा तेलुगू गवंडी म्हणाला, नारू म्हणजे धानाचे पऱ्हे, रोवणीची कोवळी रोपं. त्यांच्याकडे म्हण आहे: 'नारु पोसिनवाडु नीरु पोयडा?' ज्याने पऱ्हे टाकले तो पाणी नाही का घालणार? बाजूला बसलेले म्हातारे ढिवर आजोबा 'नारू' ऐकूनच पाय आखडून बसले. त्यांच्या पिढीला नारू म्हणजे पायातून निघणारा दोऱ्यासारखा जंत. आयुर्वेदात त्याचं नाव स्नायुक. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी गाळून प्यायला लागल्यावर तो देशातून गेला. भारतातला शेवटचा रोगी 1996 साली सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. एकाच ओट्यावर, एकाच शब्दावर, गवंडी रोवणीबद्दल बोलत होता आणि आजोबा जंताबद्दल. दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला कळतंय.

चंद्रपूरला कॉलेजात शिकणारा गावचा पोरगा सुट्टीत आला, त्याने मोबाईल काढला. तुर्कीत नार म्हणजे डाळिंब, फारसीतल्या अनारचं भावंड. आणि जर्मनमध्ये नार म्हणजे मूर्ख. हे शेवटचं त्याने जरा मोठ्याने वाचलं. सातवीतली पोरं दोन दिवस मला पाहून तोंडावर हात धरत होती.

इथपर्यंत गंमत होती. खरा पेच ग्रामसेवकांनी टाकला.

ते खानदेशातले. म्हणाले, "अहो, सोपं आहे. अंमळनेर, जामनेर, पिंपळनेर. नेर म्हणजे नगर. तुमचं नार तेच." नगरचं प्राकृतात नयर झालं आणि नयरचं नेर, ही वाट मराठी शब्दांच्या अभ्यासात रुळलेली आहे. अर्थ गायताबाबांनी सांगितला तोच निघत होता: वस्ती, गाव. तलाठीबुवांनाही संस्कृत मूळ मिळत होतं. मला वाटलं, सुटलो. सगळे खूश, मजकुरात एका ओळीचा बदल, विषय संपला. त्या रात्री मी ती ओळ लिहूनही टाकली होती: 'नार हे नगर या शब्दाचे रूप.'

या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा क्षण मला हाच वाटतो, वाघाची गोष्ट रचली तो नव्हे. बाई, पाणी, आग हे अर्थ गायताबाबांच्या एका वाक्याने पडत होते. 'नेर' पडत नव्हता, कारण उत्तर बरोबर होतं आणि रीत चुकीची होती. गणिताच्या वहीत असं दिसलं तर मी स्वतः लाल शाईने गोल करतो.

समोर असलेले पर्याय

ग्रामसभेआधी सरपंच बाई, ग्रामसेवक, गायताबाबा, तो कॉलेजचा पोरगा आणि मी असे दोनदा बसलो. पहिला पर्याय अर्थातच काहीच न बदलण्याचा. पेंटरचे पैसे दिले गेले होते, गोष्ट लोकांना आवडत होती. ग्रामसेवकांचं मत होतं की नावाचा अर्थ लिहायचाच नाही. लोकसंख्या, क्षेत्र, पिनकोड लिहा आणि मोकळे व्हा. यात धोका शून्य होता, पण गायताबाबा त्यावर फक्त एवढंच बोलले: "मंग फलक कायले?"

मी सुचवलं की सगळेच अर्थ लिहू, 'काहींच्या मते' असं म्हणून. शिक्षकी सवय. पोरगा चिडला. त्याचं म्हणणं, ज्यांनी गाव वसवलं त्यांच्या भाषेतला अर्थ आणि बाजारात कुणी सहज बोललेला अर्थ एका रांगेत बसवले तर पहिला आपोआप 'एक मत' होऊन जातो. तेव्हा मला ते जरा तिखट वाटलं. आज मी त्याच्या बाजूने आहे. त्याची आणखी एक मागणी होती: नाव गोंडी लिपीत लिहा. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 साली गोंडीसाठी लिपी तयार केली, तिची चित्रं त्याच्या मोबाईलमध्ये होती. पण गावात ती वाचणारा तो एकटाच, आणि पेंटरला अक्षरं काढता येतील याची खात्री कुणालाच नव्हती. हा मुद्दा त्याने स्वतःच मागे घेतला, जरा नाराजीने.

राहिला गोंडी अर्थ. पण तिथेही प्रश्न होता: आपण हे एका म्हाताऱ्या माणसाच्या शब्दावर लिहायचं का? गायताबाबांसमोर हे विचारायला मला लाज वाटली, म्हणून मी ते नंतर सरपंच बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तलाठीबुवाच्या शब्दावर तं लिवलंच होतं ना गुरुजी, तवा नाई इचारलं." याला उत्तर नव्हतं.

निर्णय कशावर ठरला

ध्वनी जुळतो म्हणून शब्द एक होत नाहीत, हे एव्हाना पटलं होतं. मग जुळणी तपासायची कशावर? आम्ही दोन गोष्टी पाहिल्या.

पहिली, शेजार. तालुक्याच्या गावांची यादी ग्रामपंचायतीत होतीच. भामरागडकडे फुलनार आहे. इंद्रावती ओलांडून छत्तीसगडात गेलं की कुकानार, चिंतलनार. 'नार'वर संपणारी ही नावं जिथे गोंडी बोलली जाते त्या पट्ट्यात रांगेने येतात. एका गावात एखादी बाई वाघाशी लढली असेल. प्रत्येक नारात लढली असं मानायला माझ्यासारखाच लेखक लागेल. खानदेशी 'नेर'सुद्धा इथे बसत नव्हतं, कारण नेरची गावं पश्चिमेला आणि मधल्या शेकडो किलोमीटरांत नेरचं नार होताना कुठे दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बारीक, आणि ती माझ्या वर्गातच होती. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे; 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. त्यांची घोषणा 'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य. ती मी कित्येक सभांना ऐकली होती, स्वतःही दिली होती. 'नाटे' म्हणजे 'गावात' हे मला ठाऊक होतं. नार आणि नाटे हा एकच शब्द आहे हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. चौथीच्या त्या मुलीनेच सांगितलं, जणू मी दोनचा पाढा विचारला होता: "नार. नाटे." मराठीत घर आणि घरात, तसं. फक्त गोंडीत प्रत्यय लागताना र चा ट होतो.

नगरपासून आलेल्या नेरला असं होत नाही. आपण अंमळनेरात म्हणतो, अंमळनेटात नाही. मग हा ट आला कुठून?

उत्तर पुलावरच्या गवंड्याकडे होतं, आणि त्यालाही ते आपल्याकडे आहे हे माहीत नव्हतं. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे प्रदेशाला काय म्हणतात? नाडु. उदाहरण? पल्नाडु. तिथली जुनी लढाई प्रसिद्ध आहे ना? "हां, पल्नाटि युद्धम्." नाडु, पण लढाई 'नाटि'ची. मी त्याला तीनदा म्हणायला लावलं. तमिळमध्येही तेच: तमिळनाडु, पण 'तमिळनाडूचा' म्हणताना नाट्टु. सरळ रूपात एक वर्ण, प्रत्ययाआधी ट. गोंडी ही तेलुगू, तमिळ, कन्नड यांच्याच द्राविडी कुळातली. त्यातही तेलुगूला अधिक जवळची. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात गोंडी नार हा याच नाडुच्या नोंदीत आहे. म्हणजे 1969 साली मद्रास राज्याला जे नाव मिळालं त्याच्या शेपटाशी आमच्या सव्वाशे उंबऱ्यांचं नातं लागत होतं, आणि अंमळनेरशी लागत नव्हतं. अर्थ जुळला होता, आवाज जुळला होता, तरी दोन वेगळ्या विहिरींचं पाणी.

ग्रामसभेत मी हे फळ्यावर लिहून सांगितलं. लोकांना व्युत्पत्तीत रस नव्हता. गायताबाबांच्या म्हणण्याला फळ्याची गरज का पडावी, असा काहींचा चेहरा होता. रस होता तो भिंतीवरच्या बाईत.

बचत गटाच्या अध्यक्षा उभ्या राहिल्या. "गुरुजी, गोष्ट तुमी बनवली?"

"हो."

"सारी?"

"सारी."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "खोटी असली तं असू द्या जी. बाई आमाले आवडली. पासबुकावर नाव हाय तिचं. आता बँकेत जाऊन काय सांगू, बाई झालीच नाई म्हनून?"

काय केलं

फलकावरच्या दोन ओळी पिवळ्या रंगाने बुजवल्या. नवा मजकूर ग्रामसभेत मोठ्याने वाचून, गोंडीत समजावून, मग कागदावर आला: 'गोंडी भाषेत नार म्हणजे गाव', त्याखाली झाडाचं नाव, आणि शेवटी गावाच्या आग्रहाने 'मावा नाटे मावा राज'. हा अर्थ गावच्या गायतांनी सांगितला, असं इतिवृत्तात लिहिलं. माझं नाव कुठेही नको, हे मी सांगितलं. कुणी घाला म्हणतही नव्हतं.

भिंतीवरची बाई राहिली. तिच्या खालची 'आमच्या गावाची कथा' ही ओळ खोडून तिथे 'आमच्या शाळेची गोष्ट' लिहिलं. गटाचं नाव बदललं नाही. हस्तलिखिताच्या त्या पानाला मी एक चिठ्ठी जोडली: ही कथा शिक्षकाने रचलेली आहे, तारीख आणि सही.

पुढे काय झालं

भाषणातली वाघाची गोष्ट लगेच थांबली नाही. पुढच्या 26 जानेवारीलाही एका मुलाने ती सांगितली, फक्त सुरुवातीला 'गुरुजींनी लिहिलेली' असं जोडलं. दुसरा परिणाम मी धरला नव्हता. पोरं घरून शब्द आणू लागली. मराठीत एक आणि गोंडीत भलतंच, असे शब्द हुडकायची त्यांना चटक लागली आणि फळ्याचा एक कोपरा त्यासाठी राखावा लागला. तलाठीबुवा अजून पाण्यावरच आहेत. ग्रामसेवकांची बदली झाली, जाताना म्हणाले, "तरी पण अर्थ तर मीच बरोबर सांगितला होता." सांगितला होता, यात वाद नाही.

वेगळं काय करता आलं असतं

हस्तलिखिताचं पान कोरं सोडता आलं असतं. स्पर्धेत दुसऱ्याऐवजी पाचवा नंबर आला असता. ज्या गावात राहतो तिथल्या नावाचा अर्थ मी वीस किलोमीटरवरच्या बाजारात विचारला, आणि वर्गात पंचवीस गोंडी बोलणारी पोरं बसलेली असताना त्यांना विचारला नाही. तेव्हा मला ती 'मराठी कच्ची असलेली' पोरं वाटत होती.

फलकाचा मजकूर पेंटर येण्याआधी सभेत वाचायला हवा होता. तसा नियम केलाय आता. गायताबाबा योगायोगाने तिथून गेले म्हणून अडलं. ते त्या दिवशी तेंदूच्या हिशेबाला गेले असते तर फलक आजही बाईचाच असता. आणि माझी 'नगर'वाली ओळ मी रात्री लिहून सकाळी कुणाला दाखवली नाही, हे निव्वळ नशीब. ती कुणी खोडूही शकलं नसतं.

एक गोष्ट मात्र आम्ही दोनदा तपासूनही चुकली. पेंटरला कागद दिला, शेजारी कुणी उभं राहिलं नाही. तो तालुक्याचा, मराठी माणूस. 'मावा नाटे' वाचून त्याला वाटलं गुरुजींची लिहिताना चूक झाली, आणि त्याने बिचाऱ्याने ती सुधारली: 'मावा नाते मावा राज'. चौथीच्या मुलीने पाहिलं तेव्हा रंग वाळला होता. त पिवळ्याने बुजवून वर ट काढला. दुपारच्या उन्हात फलक तिरपा पाहिला की ट च्या पोटात तो त अजून दिसतो.